थंड केल्यावर इलेक्ट्रॉन हलतो कसा? टीटीएफ-क्लोरॅनिल आणि ८१ केल्विनची गोष्ट

एमएस्सीच्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "टीटीएफ-क्लोरॅनिलचा स्फटिक खोलीच्या तापमानाला न्यूट्रल असतो आणि ८१ केल्विनच्या खाली आयनिक होतो, असं वाचलं. इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर न्यायला ऊर्जा लागते. मग थंड केल्यावर ती येते कुठून? दुसरं, आमच्या मोजमापात रेझिस्टन्सची उडी थंड करताना ७८ ला दिसते, तापवताना ८७ ला. यातलं खरं कुठलं? आणि एकदा १२० च्या आसपासही मोठी उडी आली होती, पुन्हा कधी आली नाही. ते दुसरं फेज ट्रान्झिशन समजायचं का?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. त्याचं कारण पुढे येईलच. पहिला प्रश्न मात्र फार चांगला आहे. हाच प्रश्न मला विद्यार्थी असताना पडला होता आणि विचारायची लाज वाटली होती.

आधी दोन शब्द: ढोबळपणे, न्यूट्रल म्हणजे रेणूंवर भार नाही; आयनिक म्हणजे टीटीएफने क्लोरॅनिलला इलेक्ट्रॉन देऊन दोघंही भारित झालेले. गोंधळ होतो तो "ऊर्जा लागते" या शब्दांनी. एकटा टीटीएफचा रेणू आणि त्याच्यापासून खूप लांब असलेला एकटा क्लोरॅनिलचा रेणू घेतला, तर इलेक्ट्रॉन इकडून तिकडे न्यायला ऊर्जा लागते, हे खरंच. पण स्फटिकात कोणी एकटं नसतं. ८१ केल्विनच्या खाली आयनिक स्फटिकाची ऊर्जा न्यूट्रल स्फटिकापेक्षा कमी असते. म्हणजे थंड होताना हे अवस्थांतर (फेज ट्रान्झिशन) घडतं तेव्हा उष्णता बाहेर पडते. पाणी गोठताना पडते तशीच, फक्त अगदी थोडी. ऊर्जा कुठून आली हा प्रश्नच उरत नाही. खरा प्रश्न उलटा आहे: आयनिक अवस्था जर स्वस्त असेल, तर खोलीच्या तापमानाला स्फटिक न्यूट्रल का राहतो?

तिथे जायच्या आधी हा स्फटिक डोळ्यांसमोर आणू. टीटीएफ म्हणजे टेट्राथायाफुल्व्हॅलीन. पिवळट-नारिंगी रंगाची पूड, रेणू चपटा, चार गंधक असलेला, इलेक्ट्रॉन द्यायला तयार. क्लोरॅनिल पिवळं, तेही चपटं, चार क्लोरीन आणि दोन कार्बोनिल असलेलं, इलेक्ट्रॉन घ्यायला उत्सुक. दोन्ही फिक्या रंगाची. पण त्यांची द्रावणं एकत्र ओतली की मिश्रण क्षणात काळपट होतं. तो रंग दोघांपैकी कुणाचाच नाही. प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉनला दात्याकडून ग्राहकाकडे ढकलतो, त्या ढकलण्याचा तो रंग आहे. पहिल्यांदा पाहताना परीक्षानळी डोळ्यांसमोर धरून मी दोन-तीन मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

स्फटिकात हे चपटे रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात: एक टीटीएफ, एक क्लोरॅनिल, पुन्हा टीटीएफ, पुन्हा क्लोरॅनिल. याला मिश्र चवड म्हणू. दात्यांची चवड वेगळी आणि ग्राहकांची वेगळी, अशीही रचना असते. टीटीएफ-टीसीएनक्यू (टीसीएनक्यू हा दुसरा एक ग्राहक रेणू) हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तो धातूसारखी वीज वाहतो, आपला नाही. दोघांच्या नावात टीटीएफ आहे म्हणून दोघांचं अवस्थांतर एकाच प्रकारचं समजू नका. तोंडी परीक्षेत ही चूक वारंवार ऐकायला मिळते.

आता हिशेब. टीटीएफमधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ६.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. क्लोरॅनिलने तो घेतला की सुमारे २.८ परत मिळतात. निव्वळ खर्च ४. पण धन झालेला टीटीएफ आणि ऋण झालेलं क्लोरॅनिल शेजारी आले की एकमेकांना ओढतात. चवडीत दोन रेणूंमधलं अंतर सुमारे ३.७ अँगस्ट्रॉम. बिंदुभार मानून काढलं तर १४.४ भागिले ३.७, म्हणजे ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट परत. खर्च ४, मिळकत ३.९. एका जोडीपुरता व्यवहार थोडक्यात तोट्याचा.

पण चवडीत एकच जोडी नसते. प्रत्येक धन रेणूच्या वर एक ऋण आणि खाली एक ऋण. त्यापलीकडे दोन धन, ते दूर ढकलणारे. त्यापलीकडे पुन्हा ऋण. ही बेरीज १ वजा १/२ अधिक १/३ वजा १/४ अशी पुढे जाते आणि तिची किंमत २ च्या नैसर्गिक लॉगॅरिथमइतकी होते. दोन्ही बाजू धरल्या की प्रत्येक जोडीमागची मिळकत एकट्या जोडीच्या सुमारे १.३९ पट. यालाच माडेलुंग ऊर्जा म्हणतात. हा आकडा पाहून "मग तर दणदणीत फायदा" असं वाटेल, पण रेणू बिंदू नसतात. भार चपट्या रेणूभर पसरलेला असतो, त्यामुळे खरी ओढ या हिशेबापेक्षा बरीच कमी भरते. शेवटी खर्च आणि मिळकत जवळजवळ बरोबरीला येतात. टीटीएफ-क्लोरॅनिलचं सगळं वेगळेपण या "जवळजवळ" मध्ये आहे. ज्या स्फटिकांत खर्च स्पष्टपणे जास्त, ते कितीही थंड केले तरी न्यूट्रल राहतात. ज्यांत मिळकत स्पष्टपणे जास्त, ते आधीपासूनच आयनिक. हा मात्र कुंपणावर बसलेला.

मी वर्गात भिशीचं उदाहरण देतो. एकट्याने भिशी लावून काही हाती लागत नाही. सगळ्यांनी लावली तरच ती चालते, आणि चालू झाली की कोणी मधूनच बाहेर पडत नाही. आयनिक होणं तसंच सामूहिक आहे. शेजारी जितके आयनिक, तितकं आपलं आयनिक होणं स्वस्त. म्हणून हा बदल हळूहळू सरकत येत नाही, एकदम येतो.

आता तापमान. त्याचं काम दोन वाटांनी होतं, आणि दोन्हींचा इलेक्ट्रॉनला "धक्का देण्याशी" काही संबंध नाही. पहिली वाट आकुंचनाची. चवडीच्या दिशेने या स्फटिकाच्या एकक पेटीची लांबी खोलीच्या तापमानाला ७.४ अँगस्ट्रॉम असते. थंड होत अवस्थांतराच्या जवळ येताना ती ७.२ च्या आसपास येते. म्हणजे रेणूंमधलं अंतर ३.७ वरून ३.६. वरचा भागाकार पुन्हा करा: ३.९ चे ४.० झाले. ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ८१ केल्विनला औष्णिक ऊर्जा असते ०.००७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिच्या तुलनेत हा फरक दसपटीहून मोठा आहे. बिंदुभाराचा हिशेब ढोबळ आहे हे मान्य करूनही, कुंपणावरच्याला खाली उतरवायला एवढं पुरतं.

दुसरी वाट एंट्रॉपीची, म्हणजे विस्कळीतपणाच्या मापाची. न्यूट्रल स्फटिक सैल, त्यातले रेणू ऐसपैस हलणारे, म्हणून एंट्रॉपी जास्त. आयनिक स्फटिक आवळलेला, म्हणून कमी. तापमान जास्त असतं तेव्हा एंट्रॉपीचं पारडं जड होतं आणि न्यूट्रल जिंकतो. थंड करत गेलो की हे पारडं हलकं होत जातं, आणि एका टप्प्यावर नुसती ऊर्जा निकाल ठरवते. वर उलटा करून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

याचा पुरावा हवा असेल तर दाब घ्या. रेणू जवळ आणायला थंडीच कशाला, नुसते दाबले तरी चालायला हवं. खरं तर शोध त्याच क्रमाने लागला. १९८१ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत जेरी टॉरन्स आणि सहकाऱ्यांनी मिश्र चवडीचे स्फटिक दाबाखाली ठेवले आणि त्यातल्या अनेकांचा रंग बदलताना पाहिला. त्याच वर्षी त्यांनी दाखवलं की टीटीएफ-क्लोरॅनिलमध्ये हाच बदल साध्या दाबाला, फक्त थंड करूनही होतो. खोलीच्या तापमानाला तो घडवायचा तर १० किलोबारच्या आसपास दाब लागतो (एक किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट). म्हणजे दर किलोबारमागे अवस्थांतराचं तापमान ढोबळपणे २० ते २५ केल्विन वर सरकतं. क्लॉशियस-क्लॅपेरॉनचं समीकरण बीएस्सीला पाठ केलं असेल, त्यातून हा उतार वाचा: दाबाने तापमान वर जातं, म्हणजे आयनिक अवस्था कमी घनफळाची आणि कमी एंट्रॉपीची. वर शब्दांत सांगितलं तेच.

"न्यूट्रल" आणि "आयनिक" ही नावं मात्र जरा फसवी आहेत. अवस्थांतराच्या वर प्रत्येक टीटीएफने सरासरी ०.३ च्या आसपास इलेक्ट्रॉन दिलेला असतो, खाली ०.६ च्या आसपास. शून्यावरून एकावर उडी नाही. अर्ध्याच्या अलीकडे एक नाव, पलीकडे दुसरं.

आणि याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते. प्रोजेक्टच्या अहवालात लोक ती हमखास विसरतात. वरच्या अवस्थेत प्रत्येक रेणूपासून दोन्ही बाजूंचे शेजारी सारख्या अंतरावर असतात. खालच्या अवस्थेत जोड्या जुळतात: एका बाजूचं अंतर सुमारे ३.५ अँगस्ट्रॉम, दुसऱ्या बाजूचं ३.७. शाळेच्या रांगेतल्या मुलांना "जोड्या करा" म्हटलं की होतं तसं. सममितीचं केंद्र जातं. प्रत्येक जोडीचा द्विध्रुव एकाच दिशेला तोंड करतो आणि स्फटिक फेरोइलेक्ट्रिक होतो, म्हणजे बाहेरून व्होल्टेज न लावताही त्याचं एक टोक धन आणि एक ऋण राहतं. भार सरकणं आणि जोड्या जुळणं या दोन वेगळ्या घटना आहेत. साध्या दाबाला त्या एकत्र घडतात, म्हणून एक वाटतात. जास्त दाबाला त्या सुट्या होतात: भार सरकलेला आहे पण जोड्यांना अजून शिस्त नाही, अशी मधली अवस्था सापडते. याची चुलत भावंडंही तेच सांगतात. क्लोरॅनिलच्या जागी ब्रोमॅनिल घेतलं तर स्फटिक खोलीच्या तापमानालाच आयनिक असतो. ५३ केल्विनला त्यात फक्त जोड्या जुळतात, आणि त्याही मुख्यतः रेणूंवरच्या सुट्या स्पिनच्या ओढीने.

दोन्ही घटना वेगवेगळ्या पाहायच्या असतील तर इन्फ्रारेडइतकं सरळ साधन नाही. क्लोरॅनिलच्या कार्बोनिलचं एक कंपन न्यूट्रल रेणूत १६८५ प्रति सेंटीमीटरला असतं, पूर्ण ऋण आयनात १५२५ ला. मधे १६० चं अंतर. तुमच्या स्फटिकात ते समजा १६३७ ला दिसलं, तर ४८ भागिले १६०, म्हणजे आयनिकता ०.३. थंड करताना हा पट्टा हळूहळू खाली सरकतो आणि ८१ ला टुणकन उडी मारतो. हे झालं भाराचं. जोड्यांची खूण वेगळी. जी सममित कंपनं एरवी इन्फ्रारेडमध्ये दिसतच नाहीत, ती सममितीचं केंद्र गेल्यावर चवडीच्या दिशेने ध्रुवित प्रकाशात ठसठशीत उमटतात. म्हणून पोलरायझर लावल्याशिवाय हे मोजमाप करू नका. पोलरायझर नसेल तर निम्मी माहिती हातची जाते.

आता तुमचं ७८ आणि ८७.

हे अवस्थांतर पहिल्या ऑर्डरचं, म्हणजे एकदम उडी मारून होणारं आहे, त्यामुळे थंड करताना आणि तापवताना फरक पडणारच. पण चांगल्या स्फटिकात, सावकाश मोजलं तर तो एक-दोन केल्विनचा असतो, फार तर थोडा जास्त. ९ केल्विन हा स्फटिकाचा गुण नव्हे, तो तुमच्या क्रायोस्टॅटचा, म्हणजे थंड करायच्या उपकरणाचा आहे. थर्मामीटर बहुधा कोल्ड फिंगरवर (उपकरणाच्या थंड दांड्यावर) बसवलेला असेल आणि स्फटिक त्यापासून दूर, काचेच्या पट्टीवर. थंड करताना फिंगर पुढे, स्फटिक मागे: थर्मामीटर ७८ म्हणतो तेव्हा स्फटिक ८१ ला असतो. तापवताना हीटर फिंगरला तापवतो आणि स्फटिक पुन्हा मागेच: थर्मामीटर ८७ म्हणतो तेव्हा स्फटिक ८३ च्या आसपास. दोन्ही आकडे खोटे आहेत, पण प्रामाणिकपणे खोटे.

तपासायची रीत सोपी आहे. आत्ता मिनिटाला २ केल्विनने जात असाल तर १ ने जा, मग ०.५ ने, मग ०.२ ने. दरवेळी दोन आकड्यांमधलं अंतर लिहा आणि वेगाविरुद्ध आलेख काढा. वेग शून्याकडे नेल्यावर जे अंतर उरतं ते स्फटिकाचं, बाकीचं उपकरणाचं. एक रात्र जाईल, पण अहवालातलं सगळ्यात भक्कम पान तेच असेल. द्रव नायट्रोजनवर काम करत असाल तर एक अडचण येईल. नायट्रोजन ७७ ला उकळतो आणि आपलं काम ८१ ला. तळाच्या इतक्या जवळ थंड होण्याचा वेग आपोआप मंदावतो आणि तापमान तरंगत राहतं. नायट्रोजनवर पंप लावून ६५ च्या आसपास उतरता येतं. त्याखाली ६३ ला तो गोठतो, तेव्हा हाव धरू नका.

आणि थर्मामीटरवर विश्वास ठेवायच्या आधी त्याच जागी, त्याच पट्टीवर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा छोटा तुकडा बसवून त्याची कपॅसिटन्स मोजा. त्याचं फेरोइलेक्ट्रिक अवस्थांतर १२२-१२३ केल्विनला येतं. तुमच्याकडे ते ११९ ला आलं, तर तुमचं घड्याळ किती मागे आहे ते कळलं. स्वस्त आणि निर्विवाद.

ही अक्कल मला सुचलेली नाही, महागात पडलेली आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका स्फटिकात ९४ केल्विनला "नवीन" अवस्थांतर शोधून काढलं होतं. तीन रन, तिन्हीत ९४. सेमिनारची स्लाइडही तयार. मार्गदर्शकांनी फक्त एक विचारलं, "ग्रीस कुठलं लावलंस?" मी स्फटिक घट्ट बसावा म्हणून भरपूर ग्रीस लावलं होतं. ते थंडीत दगडासारखं गोठतं, स्फटिक आकसू पाहतो, ग्रीस आणि पट्टी त्याला आकसू देत नाहीत. स्फटिक ताणाखाली होता आणि मी तो ताण मोजत होतो. नवा स्फटिक नुसत्या दोन तारांवर लोंबता ठेवला, तेव्हा ९४ ला काहीच नव्हतं.

तुमच्या १२० च्या उडीचं हेच. खरं अवस्थांतर त्याच तापमानाला परत येतं, तापवताना उलट दिशेने घडतं आणि दुसऱ्या स्फटिकातही दिसतं. तुमची उडी एकदाच आली. रेझिस्टन्स वाढला आणि तापवल्यावर मूळ आकड्यावर परत आला नाही ना? मग ती तडा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघा, चवडीला आडवी केसासारखी रेघ दिसेल. सिल्व्हर पेस्टचा संपर्क सुटला तरी तसंच दिसतं. पेस्टबद्दल आणखी एक: तिच्यातलं सॉल्व्हंट सेंद्रिय स्फटिकाला खाऊ शकतं. कार्बन किंवा सोन्याची पेस्ट वापरा, सॉल्व्हंट तपासून, आणि थेंब सुईच्या टोकाएवढा. वार्निशने चिकटवायचा मोह टाळा, कारण त्यातही सॉल्व्हंट असतं.

अशा फसगतीला मोठमोठी माणसंही अपवाद नाहीत. १९७३ मध्ये टीटीएफ-टीसीएनक्यू गाजला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अ‍ॅलन हीगर यांच्या गटाला मोजक्याच स्फटिकांत ६० केल्विनच्या आसपास वाहकता प्रचंड वाढलेली दिसली आणि त्यांनी अतिवाहकतेच्या चाहुलीची शक्यता मांडली. जगभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की ज्या स्फटिकात एका दिशेची वाहकता दुसरीपेक्षा शेकडो पट असते, त्यात चार टोकांचे संपर्क (दोन प्रवाहासाठी, दोन व्होल्टेजसाठी) जरा वाकडे बसले तरी प्रवाह भलत्याच वाटेने जातो. मग व्होल्टेजची टोकं जवळजवळ काहीच पाहत नाहीत आणि वाहकता आकाशाला भिडल्यासारखी दिसते. वाहकता ६० च्या आसपास वाढते हे खरंच होतं, पण ती साध्या धातूसारखी. त्याखाली ५४, ४९ आणि ३८ केल्विनला एकामागून एक अवस्थांतरं होतात, चवडी लहरींसारख्या मुरडतात आणि धातूचा इन्सुलेटर होतो. हे पायर्ल्स अवस्थांतर. त्यात भाराची वाटणी फारशी बदलत नाही, भाराची घनता चवडीवर लाटेसारखी बसते. टीटीएफ-क्लोरॅनिलमध्ये उलट वाटणीच बदलते. हीगर यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं, ते वाहक पॉलिमरसाठी. चुकल्याने कोणी लहान होत नाही, पण चार टोकांचे संपर्क सरळ लावायला आपण त्यांच्या खर्चाने शिकलो.

खरं सांगायचं तर तुमच्या स्फटिकासाठी रेझिस्टन्स हे साधनच मला पटत नाही. मिश्र चवडीचा स्फटिक मुळात वाईट वाहक. थंडीत त्याचा रेझिस्टन्स इतका चढतो की आपण स्फटिक मोजतोय की केबलची गळती, हे कळत नाही. कपॅसिटन्स मोजा. चवडीच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड लावा, एलसीआर मीटरवर (कपॅसिटन्स मोजायच्या उपकरणावर) काही किलोहर्ट्झ घ्या आणि सावकाश खाली या. अवस्थांतराजवळ डायइलेक्ट्रिक स्थिरांक वर चढतो आणि ८१ ला टोक गाठून कोसळतो. या टोकासाठी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र चवडीची दिशा आधी नक्की करा. स्फटिकाची लांब बाजू म्हणजे चवड, असं गृहीत धरून एका विद्यार्थ्याने माझ्याकडे पूर्ण सत्र घालवलं होतं.

थंड करायच्या वेगाबद्दल आणखी थोडं, कारण काही भावंडांत वेग हा नुसता मोजमापाचा दोष राहत नाही, तो पदार्थाचं नशीब ठरवतो. बीईडीटी-टीटीएफ या दात्याचा रुबिडियम, जस्त आणि थायोसायनेटबरोबरचा एक क्षार आहे. सावकाश थंड केला तर २०० केल्विनच्या जरा खाली त्यातले भार पट्ट्यापट्ट्यांत शिस्तीने बसतात. मिनिटाला पाच-सहा केल्विनहून जास्त वेगाने नेला तर त्यांना बसायला वेळच मिळत नाही आणि ते काचेसारखे विस्कळीत गोठतात. याच दात्याच्या अतिवाहक क्षारांत रेणूच्या टोकाचे इथिलीनचे गट ८० केल्विनच्या आसपास गोठतात. ते कशा वळणाने गोठले यावर खाली ११-१२ केल्विनला अतिवाहकता किती चांगली दिसेल, ते ठरतं. म्हणून वहीत प्रत्येक रनपुढे वेग लिहा. "हळू" असं लिहू नका, आकडा लिहा.

"याचा उपयोग काय" असं बाहेरचे परीक्षक विचारतीलच, तेव्हा दोन गोष्टी हाताशी ठेवा. एक, हे अवस्थांतर प्रकाशानेही घडवता येतं. लेझरच्या स्पंदाने न्यूट्रल आणि आयनिक अवस्थांमध्ये उलथापालथ होते हे जपानमध्ये १९९० मध्ये दाखवलं गेलं. २००३ मध्ये एक्स-रेच्या स्पंदांनी हेही दिसलं की प्रकाश पडल्यावर न्यूट्रल स्फटिकात जोड्यांची फेरोइलेक्ट्रिक शिस्त खरोखर उभी राहते. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी खालच्या अवस्थेतलं ध्रुवीकरण ५९ केल्विनला मोजलं. ते प्रति चौरस सेंटीमीटर ६.३ मायक्रोकूलंब भरलं. रेणूंवर ठरावीक भार आहेत आणि ते जोड्यांसाठी जरासे सरकले, असा साधा हिशेब केला तर याच्या विसाव्या भागाएवढंच यायला हवं. आणि दिशा? बरोबर उलटी. धन रेणू ज्या बाजूला सरकतात, ध्रुवीकरण त्याच्या विरुद्ध बाजूला. कारण जोडी जुळताना रेणू थोडेसेच हलतात, पण चवडीभर इलेक्ट्रॉन त्यांच्याहून खूप जास्त आणि उलट्या बाजूला वाहतात. खेळ इलेक्ट्रॉनचा आहे, रेणू मागून फरफटत येतात.

तर पुढच्या रनसाठी: नवा स्फटिक, ग्रीस नाही, थर्मामीटर स्फटिकाच्या शेजारी, कपॅसिटन्स, आणि १०० ते ७८ हा टप्पा मिनिटाला ०.२ केल्विनने. खाली जाताना पावणेदोन ते दोन तास लागतील, वर येताना तेवढेच. ७८ ला पोहोचल्यावर लगेच हीटर लावू नका, अर्धा तास थांबा आणि कपॅसिटन्स स्थिर आहे का बघा. नायट्रोजन मधे संपणार नाही इतका आधीच भरून ठेवा. ओतताना खोलीचं दार उघडं ठेवा.